बंदूक नसलेले नेमबाज

मंचर–घोडेगाव रस्त्यावरच्या एका टपरीत नाना सकाळीच येऊन बसतात. गळ्यात रायफलीचा स्कोप. बंदूक नाही. आजोबांची ठासणीची होती, तिचा शेतसंरक्षणाचा परवाना कधीच संपला. स्कोप आहे तो मुलाच्या छऱ्याच्या बंदुकीचा. ती मोडली, हा उरला.

"गोळी सरळ जाती व्हय रं? सुटली की पडायलाच लागती!"

हे मात्र खरं. शंभर मीटरला नेम जुळवलेल्या रायफलीची गोळी तीनशे मीटरवर हातभर खाली लागते. म्हणून काचेत फुलीखाली ठिपके असतात. लांबच्या जनावरावर खालचा ठिपका धरला की नळी आपसूक वर उचलते. अंतरही ठिपक्यांवरूनच काढायचं. दोन ठिपक्यांमध्ये एक मिल, म्हणजे शंभर मीटरवर दहा सेंटिमीटर. खांद्याला साठ सेंटिमीटर उंच बिबट्या तीन मिलांत मावला, तर तो दोनशे मीटरवर. नाना हा हिशेब टपरीवाल्याच्या म्हशीवरही करून दाखवतात. म्हैस बांधलेली असल्याने उत्तर बरोबर येतं.

बिबट्याचं तसं नाही. कुकडी प्रकल्पाचं पाणी आलं, ऊस वाढला आणि बिबट्या त्यातच नांदू लागला. दोन पुरुष उंच उसात दहा पावलांपलीकडचं दिसत नाही, तिथे तीनशे मीटरचा ठिपका कोणावर धरणार? शिवाय तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी. मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी हुकमाशिवाय मारता येत नाही. नाना म्हणतात, "हुकूम येऊ द्या, ठिपका माझ्याकडं हाय."

नोव्हेंबर २०२५मध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेडला हुकूम आला. आधी बेशुद्धीचा डार्ट मारला, तो चुकला. बिबट्या उलटला तेव्हा नेमबाजांनी गोळी घातली. दुसऱ्या दिवशी टपरीवर नानांचा निकाल तयार होता: "डार्ट जड, वेग कमी. दोन ठिपके खाली धरायला पायजे होतं." डार्टला गॅसचा दाब अंतर पाहून ठेवावा लागतो, हे कोणीतरी सांगितलं. नानांनी स्कोप पुसला.

परवा वनखात्याने नानांच्याच गोठ्यामागे पिंजरा लावला. आतल्या शेळीला संध्याकाळी पाला कोण टाकणार, असं वनरक्षकाने विचारलं.

नानांनी स्कोप डोळ्याला लावला. "तीनशे मीटर भरंल. एवढ्या लांब अंधारात कोण जाणार?"

"चाळीस पावलं हायत," काकू म्हणाल्या आणि पाल्याची पाटी घेऊन निघाल्या.