कधी जाणार?

सतरा वर्षे दर सुट्टीला मला दोन प्रश्न ठरलेले असायचे. रेल्वेने धामणगाव, तिथून एसटीने यवतमाळ, पुढे गावची गाडी. फाट्यावर उतरलो की कोणीतरी विचारायचं, "कधी आला?" आणि ट्रंक खाली ठेवेपर्यंत दुसरा प्रश्न, "कधी जाणार?" दोन्ही तारखा मला तोंडपाठ असत.

गेल्या वर्षी मी स्वतः अर्ज करून फौजेतून घरी आलो. जवानाला 15 वर्षांच्या सेवेवर पेन्शन लागू होते. माझी 17 झाली होती. पोरगी आठवीत गेली होती आणि तिची एकही दिवाळी मी पूर्ण पाहिली नव्हती. तेवढं कारण मला पुरे होतं. पण पानठेल्यावर, लग्नात, तेरवीच्या जेवणात अजून तोच प्रश्न येतो, "काय गा, कधी जातं मंग?" कायमचा आलो म्हटलं की माणूस क्षणभर गप्प होतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "काही झालं का?" काही झालेलं नाही. माणूस आपल्या घरी आला आहे. एवढ्यावर विश्वास का बसू नये? ही माझी पहिली तक्रार.

दुसरी तक्रार हाकेची. मी नायक होतो. दंडावरच्या त्या दोन फितींसाठी मी अनेक वर्षं घाम गाळला. गावात मात्र फौजेतून आलेला प्रत्येक जण 'मेजर'. मेजर हा अधिकाऱ्याचा हुद्दा. तो मी कमावलेला नाही आणि जो कमावला, त्या नावाने कोणी हाक मारत नाही. माझं नाव गावाला माहीत आहे. त्या नावाने बोलवा.

तिसरी, फौजी कँटीनच्या बाटलीची. बारशापासून निवडणुकीपर्यंत प्रत्येकाला ती माझ्याकडून हवी असते. शेजारच्या वर्ध्यात दारूबंदी आहे. आमच्या जिल्ह्यातही ती व्हावी म्हणून बायकांनी मोर्चे काढले. ज्या गल्लीत दारूने घरं बसलेली मी पाहिली, तिथे मी बाटली आणून देणार नाही. यावरून मला कंजूष ठरवलं गेलं. ते मला लागतं.

घरातल्या तक्रारी सांगायला जड जातात. मी आलो तेव्हा मोठी खोली कापसाने भरलेली होती. भाव येईपर्यंत कापूस आमच्याकडे घरातच राहतो. नाव-नंबर रंगवलेली माझी काळी ट्रंक छपरीत ठेवली आणि मीही तिथेच निजलो. पोरीला शाळेच्या कागदावर सही हवी होती. मी समोर बसलो असताना ती आईला शोधत वावरात गेली. रात्रीच्या लाइनीवर ओलिताला मी जातो म्हटलं, तर बायको म्हणाली, "राहू द्या, तुम्हाला स्टार्टर जमणार नाही." सतरा वर्षे पहारा केलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं.

पण ती खरं बोलत होती. शेतीपंपाची वीज आमच्याकडे पाळीपाळीने रात्रीची येते आणि त्या सगळ्या रात्री विंचूकाट्यात तिने काढल्या. 2017 साली फवारणीतून विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हा मी सीमेवर होतो आणि घरचे माझ्या जिवाची काळजी करत होते. त्या हंगामात विष आमच्या पऱ्हाटीत होतं, आणि त्या पऱ्हाटीत ती उभी होती. तिच्या त्या नोकरीला ना सुट्टी होती, ना पेन्शन. ती मला पटकन जागा देऊ शकत नाही, कारण माझी जागा तिने रिकामी ठेवली नव्हती. भरून काढली होती. म्हणून तिच्यावर माझी तक्रार नाही. गावावर आहे.

ती आताच सांगतो, कारण पुढे येणारे माझ्याहून लहान आहेत. 2022 पासून अग्निपथ योजनेत पोरं चार वर्षांसाठी भरती होतात आणि त्यांतली फार तर पाव पुढे ठेवली जातात. बाकीची ऐन विशी-पंचविशीत गावच्या फाट्यावर उतरतील. त्यांनाही "काही झालं का?" विचारणार आहात का? त्यापेक्षा "जेवला का?" विचारा. काम दाखवा.

मला ते घरातून मिळालं. बायकोने दोन रात्री सोबत उभं राहून स्टार्टर शिकवला. परवा जेवताना ती म्हणाली, "बाराला लाइन येते. तुम्ही कधी जाणार?"

बॅटरी घेतली आणि साडेअकराला निघालो.