ओढा उतरेपर्यंत

शेजारच्या वहिनींचा धाकटा रविवारी रात्री घरी आला नाही, ही बातमी आमच्या गल्लीत सोमवारी दूधवाल्याच्या आधी पोहोचली. सायकल घेऊन मित्रांबरोबर मुळशीपलीकडच्या डोंगरात गेला होता. आला तो सकाळी, अंगभर लाल चिखल आणि सायकलच्या मागच्या चाकात करवंदीची फांदी. वहिनी आधी रडल्या, मग रागावल्या, मग पोहे खायला घातले आणि पोटात पोहे गेल्यावर नव्या दमानं पुन्हा रागावल्या. मला हे सगळं घरात बसून ऐकू आलंच होतं, पण घडलेलं पुन्हा सविस्तर ऐकण्यात निराळी गंमत असते. जास्वंदीची फुलं काढायची परडी घेतली आणि कंपाउंडला टेकले.

"बघा ना ताई," वहिनींनी सुरुवातच केली, "ओढ्याला पाणी आलं म्हणून रात्रभर बसून राहिले म्हणे! सहा धडधाकट पोरं! त्यांच्याच पुढे एक ट्रेकवाल्यांचा ग्रुप ओढा ओलांडून गेला, रात्री दहाला आपापल्या घरी पोहोचला. आणि आमचे हिरो पलीकडे भाकरी खात बसले. फोन बंद. इथे माझा जीव खालीवर."

जीव खालीवर होणारच. आपल्या तळेगावात तर जास्तच. कुंडमळ्याचा पूल पडला तो 15 जून 2025चा रविवार कोण विसरलंय? इंद्रायणीवरचा तो जुना लोखंडी पूल माणसांनी आणि मोटारसायकलींनी गच्च भरला आणि खाली आला. चार माणसं गेली. त्या दिवशी आमच्या गल्लीतल्या प्रत्येक आईनं आपापल्या पोराला फोन लावला होता, पोरगं पुण्यात ऑफिसात बसलेलं असलं तरी. त्यामुळे वहिनींचं रागावणं मला समजत होतं. पण त्या रागावत होत्या चुकीच्या गोष्टीवर, आणि मला गप्प बसवेना.

"वहिनी, ओलांडून आला असता तर रागावायचं. बसला म्हणून काय रागावता?"

वहिनींना हे आवडलं नाही. त्यांनी तीन दिवस वाळत नसलेले टॉवेल पिळायला घेतले.

मग धाकटाच ओट्यावर आला, केस पुसत. तो सांगायला लागला की नीट सांगतो, आईसमोर मात्र दोन वाक्यांत आटपतो. आज मी होते म्हणून खुलला. सकाळी जाताना त्या ओढ्यात घोट्याएवढं पाणी होतं. सायकलवरूनच गेले, एकानं तर त्यात मुद्दाम पाणी उडवून व्हिडिओ काढला. दुपारी परत निघाले तेव्हा डोक्यावर नुसती भुरभुर. मध्येच ऊनसुद्धा. फक्त वरच्या माथ्यावर काळं दाटलं होतं आणि तिकडचा कडा दिसेनासा झाला होता. ओढ्याशी पोहोचले तर पाणी गुडघ्याखालीच, पण गढूळ, आणि त्यावरून पानं, काटक्या, मध्येच एक ओली चप्पल वाहत येत होती. कुणाची कोण जाणे.

"आणि काकू, आवाज," तो म्हणाला. "पाण्याचा नाही, पाण्याखालचा. दगडावर दगड आपटल्याचा. ठक्, ठक्. आधी मला वाटलं वर कुणीतरी लाकूड फोडतंय."

बघता बघता ते पाणी मांडीपर्यंत आलं. सकाळी ज्या खडकावर बसून यांनी शेंगदाण्याचे लाडू खाल्ले होते, तो दिसेना.

एवढ्यात कोपऱ्यावरचे अप्पा छत्री आणि कुत्रा घेऊन आले. अप्पा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत. त्यांच्यासमोर पाणी हा शब्द काढला की अर्धा तास गेला समजा. पण आज मला ते हवेच होते.

"माथ्यावर किती पडला असेल?" त्यांनी छत्री मिटता मिटता विचारलं, जणू पोरगं मोजायची नळी घेऊनच गेलं होतं. "समज, तासाला पन्नास मिलिमीटर. घाटमाथ्यावर हे काही विशेष नाही. एक चौरस किलोमीटरवर तेवढा पडला तर पाच कोटी लिटर पाणी झालं. वहिनी, एप्रिलात आपण दहा हजार लिटरचा टँकर मागवतो ना? तसे पाच हजार टँकर. एका तासात. आणि आपला सह्याद्री म्हणजे काळा पत्थर, वर वीतभर माती. मुरणार कुठे? सगळ्या छपराचं पाणी एका पन्हळीतून पडावं, तसं ते त्या एका ओढ्यात येणार. तुम्ही पन्हळीखाली उभे असता, आणि तुमच्यावर पाऊस नसतोच मुळी."

वहिनी टॉवेल पिळायच्या थांबल्या.

अप्पा मग ताम्हिणी घाटाच्या पावसावर गेले. ते जाणारच. 25 जुलै 2024च्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत तिथे साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस झाला होता. पुणे शहरात अख्ख्या पावसाळ्यात पडतो, जवळजवळ तेवढा. त्याच दिवशी सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत घरांत पाणी शिरलं. धरणातून सोडलेलं पाणी विचारून येतं की काय, असं अप्पा म्हणाले आणि स्वतःच हसले. त्यांच्या खात्यातले विनोद असेच असतात.

"भुशी डॅमचं काय झालं होतं मग?" वहिनींनी विचारलं. ते ऐकलेलं सगळ्यांनाच असतं, व्हिडिओही सगळ्यांनी पाहिलेला असतो.

30 जून 2024, तोही रविवारच. डॅमवर कुणी बुडालं, असं लोकांच्या डोक्यात बसलंय. प्रत्यक्षात रेल्वेच्या त्या धरणाच्या मागच्या जंगलातून जो धबधबा येतो, त्याच्या प्रवाहात एक कुटुंब उभं होतं. आले तेव्हा पाणी खेळण्याजोगं असणार, नाहीतर लहान मुलांना घेऊन कोण उतरेल? मग पाणी वाढलं. ती माणसं मध्यावर एकमेकांना घट्ट धरून उभी आणि दोन्ही बाजूंनी पाणी. पाच जण गेले, त्यातली चार मुलं. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र मंडळींनी आणि नौदलाच्या पाणबुड्यांनी शोध घेतला. मला त्यात सगळ्यात टोचतं ते हे, की काठ काही फार लांब नव्हता. बघणारे ओरडत होते ते ऐकू जात असेल.

"पाण्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो," अप्पा म्हणाले. "घोट्याला लागणारं पाणी आणि गुडघ्याला लागणारं पाणी यात वीतभराचा फरक दिसतो. पायाला विचारा तो केवढा असतो."

"मग तो दुसरा ग्रुप कसा गेला?" वहिनींचा मुद्दा अजून सुटला नव्हता.

धाकटा थोडा घुटमळला. मग सांगितलं. तीसेक माणसं, नाष्टा-जेवण-बस धरून माणशी हजाराच्या आतबाहेर पैसे. बस सहाला सुटणार, उशीर झाला तर ड्रायव्हर जादा मागणार, बहुतेकांना सोमवारी ऑफिस. त्यांच्या लीडरनं दोर कमरेला बांधला आणि पलीकडे गेला. मग दोराला धरून एकेक जण. एका मुलीचा पाय सुटला, ती दोराला लोंबकळत आडवी झाली, सॅक डोक्यावर आली. दोघांनी दंडाला धरून ओढली. बूट गेले. पलीकडे पोहोचल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"कमरेला बांधला?" अप्पांचा आवाज चढला. कुत्रंसुद्धा दचकलं. "पाय सुटला की दोर ताणला जातो आणि पाणी माणसाला खाली दाबून धरतं. गाठ सोडायला हात पोहोचत नाही. आणि सॅकचा कमरपट्टा आधी सोडायचा असतो, पडलात तर ती टाकून देता यायला हवी. साहसी पर्यटनाचं राज्याचं धोरण आहे 2021पासून, नोंदणी लागते, प्रशिक्षित माणूस लागतो. कोण विचारतो? व्हॉट्सॲपवर पोस्टर टाकलं की झाला लीडर!"

त्या कंपनीचं नाव धाकट्यानं सांगितलं, ते मी इथे लिहीत नाही. आमच्या गल्लीत मात्र आता ते सगळ्यांना ठाऊक आहे.

या पोरांतल्याही एकाला तसंच जायचं होतं. सायकल पंचेचाळीस हजारांची, ती खांद्यावर घेऊन. तिथल्या वाडीतले एक मामा बैलं घेऊन काठावर थांबले होते, तेही पलीकडे जायचेच होते. त्यांनी त्या पोराच्या सायकलीचं हँडल धरलं आणि म्हणाले, "वढा उतरल की. तुमचं घर कुठं पळून चाललंय?" अप्पांना हे फार पटलं. घाटातला ओढा चढतो अर्ध्या तासात आणि वरचा पाऊस थांबला की काही तासांत उतरतोही, कारण त्याचं खोरंच चिमूटभर. मोठ्या नदीचा पूर दिवसदिवस बसतो, याचं तसं नाही. वाडीतल्या माणसाला हे माहीत असतं आणि त्याला सोमवारी लॉगिन करायचं नसतं.

माझं म्हणणं तरी दुसरं काय होतं? पावसाळ्यातल्या डोंगरात माणसं धाडसानं जातात त्याहून जास्त घाईनं जातात. शेवटची लोकल, बसचा ड्रायव्हर, बॉसचा मेसेज, आईचा फोन. हो, आईचाही. वहिनींनी अंधार पडायच्या आत बारा मिस्ड कॉल टाकले होते. ते मी त्यांना सांगितलं. थोड्या चिडल्या, पण टॉवेल बाजूला ठेवला.

"पण थांबायचं तरी कुठे? रानात? भिजलेल्या कपड्यांत?" त्यांनी विचारलं, आणि हा प्रश्न मात्र बरोबर होता. नुसतं थांबूनही भागत नाही. हरिश्चंद्रगडावर 2023च्या ऑगस्टमध्ये धुक्यात-पावसात वाट चुकलेल्या ट्रेकर्सपैकी एकाचा थंडीनंच जीव गेला. बर्फ लागत नाही त्याला. ओली जीन्स, माथ्यावरचा वारा आणि रिकामं पोट पुरतं. माणूस आधी कुडकुडतो, मग कुडकुडणं थांबतं, बडबड असंबद्ध होते, आणि सोबतच्यांना वाटतं याला झोप आलीय. या पोरांकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेले कोरडे टीशर्ट होते, हे मी नोंदवून ठेवते, कारण ते बांधून देणाऱ्या वहिनीच होत्या.

मामांनी सगळ्यांना वाडीत नेलं. पडवीत चूल, वर वाळत घातलेली लाकडं, धुरानं डोळे चुरचुरतायत. तिथल्या आजींनी कोरा चहा दिला, गुळाचा, आणि नाचणीची भाकरी, लसणाची चटणी. अंगावर घोंगडी. धाकट्यानं पैसे काढले तर आजींनी ते त्याच्याच खिशात परत कोंबले. पहाटे मामांनीच उठवलं. ओढ्यात पाणी पुन्हा नडगीएवढं. फक्त पात्र बदललं होतं, कालची उतरायची वाट वाहून गेली होती आणि तिथे एक अख्खं झाड आडवं येऊन पडलं होतं.

"रायगडावर तर पायऱ्यांचाच ओढा झाला होता," अप्पांनी विषय पुन्हा आपल्याकडे ओढला. 2024च्या जुलैत, भुशीनंतरच्याच रविवारी. महादरवाज्याकडून पाणी पायऱ्यांवरून कोसळत होतं आणि माणसं कडेला चिकटून उभी. पायऱ्या म्हणजे पक्की वाट असं आपल्याला वाटतं, पण पाण्यालाही खाली यायला तीच वाट सोयीची. नंतर काही दिवस गड बंदच ठेवला. असे बंदीचे आदेश दरवर्षी निघतात, देवकुंड धबधब्याला तर ठरलेलेच. त्यावर आमच्या तिघांचं एकमत झालं नाही. वहिनींच्या मते सगळंच बंद करावं, अप्पांच्या मते पाटी नको, माणूस उभा करावा, आणि माझ्या मते बंदी असली की पोरं आडवाटेनं जातात, जिथे मामाही नसतात.

आणि घोंगडी? ती याच्याबरोबर तळेगावात आली होती! सायकलच्या कॅरियरला बांधलेली. आजींनी वाटेत पाऊस लागेल म्हणून दिली आणि म्हणाल्या, परत येशील तेव्हा आण.

हे कळल्यावर वहिनींचा नूर एकदम पालटला. कुणाचं असं ठेवून घ्यायचं नाही. आजींना एक इरकल नेऊ, मामांना टोपी-टॉवेल, बेसनाचे लाडू. गाडी काढू, ताई तुम्हीपण चला. येत्या रविवारी.

"येत्या रविवारी?" अप्पा म्हणाले. "वाटेत तीन फरशी पूल आहेत. त्यांवरून पाणी जात असेल. गाडीला तर फूटभर वाहतं पाणीसुद्धा पुरतं."

"बरं, मग पाऊस ओसरल्यावर. नवरात्रात."

"परतीचा पाऊस असतो तेव्हा. जुलैच्या झडीत विजा फारशा नसतात, खऱ्या विजा वळवात आणि परतीच्या पावसात. दुपारनंतर माळावर थांबायचं नाही. ते दामिनी ॲप घ्या, आपल्या पुण्याच्याच हवामान संस्थेनं काढलंय, वीज कुठे पडतेय ते दाखवतं."

"मग दिवाळीनंतर!"

"दिवाळीनंतर उत्तम," अप्पा म्हणाले. "मी पुढे बसेन, मला मागे मळमळतं."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. पाच माणसांची गाडी, त्यांचे मिस्टर, धाकटा, त्या, मी, आणि आता अप्पा. आणि अप्पा कुत्र्याला कधी घरी एकटं ठेवत नाहीत.