हसवा, नाहीतर घाबरवा

सावंतवाडीजवळच्या आकेरीत रामेश्वराचं देखणं, पुरातन देऊळ आहे. पण तिथे वाट वाकडी करून येणारे पाहुणे विचारतात तो अण्णा नाईकांचा वाडा. २०१६ साली ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेचं चित्रीकरण तिथल्या जुन्या वाड्यात झालं, अण्णा नाईक हे तिच्यातलंच पात्र, आणि गावाची ओळखच बदलली.

मालिकेवर माझा राग नाही. तिच्यामुळे मालवणी रोज रात्री घराघरांत ऐकू आली. राग आहे तो आम्हा मालवणी माणसांच्या वाट्याला येणाऱ्या त्याच त्या दोन सोंगांचा. १९८०मध्ये गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ नाटकाने, मच्छिंद्र कांबळींच्या तोंडून, या बोलीला मुंबईच्या रंगमंचावर मान मिळवून दिला. त्यातले नाटक बसवणारे गाववाले हसवतात, पण त्या नाटकासाठी जीवही टाकतात. पुढच्यांनी हसू तेवढं उचललं. मालिकेने त्यात भुतंखेतं घातली. बँकेचं कर्ज, मुलीची फी, नवऱ्याचं आजारपण मालवणीत बोलणारं माणूस पडद्यावर शोधून सापडत नाही.

मग मोबाईल आला, कॅमेरा आमच्याच हातात आला. तरी काय केलं आम्ही? तारकर्लीला रील काढणारा पोरगा मित्राशी साधंच बोलत असतो. कॅमेरा सुरू झाला की हेल चढवतो, डोळे वटारतो, ‘गे बाये’ला तीन हिसके देतो. ज्यावर लोक थांबतात तेच अ‍ॅप पुढे ढकलतं, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. आणि घरी पाहुण्यांसमोर आई मालवणीत बोलली, की हाच तिला गप्प करतो. याची मला खरोखर चीड येते.

रील काढताना त्याच्या पाठीमागे रापण, किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढली जात असते. पाय वाळूत रोवून माणसं दोर खेचत मागे मागे सरकतात. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर २०१७ पासून बंदी आहे, तरी दिवे लावणाऱ्या बोटी मासळी कशी ओरबाडून नेतात, हे ती तावातावाने बोलत असतात. मालवणीतच. रीलमध्ये त्यांच्या आवाजावर गाणं चढवलेलं असतं.

पोरांनो, ते गाणं काढा. कॅमेरा मागे वळवा. दहीकाल्यात, जत्रेतल्या दशावताराच्या खेळात, रात्रभर राजा होऊन सकाळी कामावर जाणाऱ्या दशावताऱ्याला विचारा, एका रात्रीचे किती मिळतात. तो सांगेल ते त्याच्याच हेलात, एकही शब्द न कापता, लोकांना ऐकवा.