सेल्फ मार!

इंग्लंडात गाडीनं चाळिशी ओलांडली की सरकार तिचा वाहनकर माफ करतं. तिच्यात फार फेरफार केलेले नसतील, तर दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीतूनही सूट देतं. जुन्या वस्तूंबद्दलचा हा जिव्हाळा पाहून मला पूर्वी भरून यायचं. आता वाटतं, जिव्हाळ्याचा भाग कमीच. ही गाडी रस्त्यावर येणारच नाही, तर तपासायची कशाला, असा रोकडा हिशेब असणार.

आमची एमजीबी १९६६ची. दोन सीट, उघडं छप्पर, आणि बनवली अशा देशात जिथं पाऊस बारमाही. तरी १९६२ ते १९८० या काळात सगळ्या प्रकारच्या मिळून पाच लाखांवर एमजीबी खपल्या. सध्या आमची चालणारी गाडी पावसात भिजते आणि न चालणारी गॅरेजात कोरडी असते. बायको यावर काही बोलत नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला दोन्ही गाड्या दाखवते फक्त.

आधीच्या मालकानं ‘वायरिंगचं किरकोळ काम’ तेवढं बाकी ठेवलं होतं. या गाडीत प्रत्येक वायरीचा रंग ठरलेला: बॅटरीकडून येणारी तपकिरी, इग्निशनची पांढरी, फ्यूजमधून पुढं जाणारी हिरवी, अर्थिंगची काळी. या गृहस्थांना बहुधा लाल वायरीचं अख्खं भेंडोळं स्वस्तात मिळालं असावं. डॅशबोर्डखाली डोकं घातलं तर सगळीकडं लालच लाल. मुळात फ्यूज दोनच. त्यांतल्या एकाच्या जागी चॉकलेटची चांदी गुंडाळलेली. त्यात त्या काळच्या एमजीबीत बॅटरीची धन बाजू बॉडीला जोडायची रीत. म्हणजे उलटा कारभार कंपनीचा कुठला आणि मालकाचा कुठला, हे ठरवण्यातच माझे शनिवार जायला लागले.

अखेर मी साताऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. आमच्या काकांची अ‍ॅम्बेसेडर ज्यांनी जन्मभर सांभाळली, ते मिस्त्रीकाका. बॉनेट उघडून फोन आत धरला.

“अरे, हे तर आपल्या अ‍ॅम्बेसेडरचं इंजिन!”

मला हा स्पोर्ट्‌स कारचा अपमान वाटला. पण म्हातारा बरोबर होता. अ‍ॅम्बेसेडरमध्ये वर्षानुवर्षं असलेलं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचं १७९८ सीसीचं, दोन्ही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी सीरिज’ घराण्यातली. एक बहीण उत्तरपाड्याला पडली, तिनं मंत्री आणि वऱ्हाडं वाहिली. दुसरी अ‍ॅबिंग्डनला राहिली आणि वाऱ्यावर केस उडवत हिंडली.

“मागं बसायला जागा कुठाय?”

“नाही. दोघांचीच गाडी आहे.”

“एवढ्या इंजिनाला दोनच माणसं?” ते जरा वेळ हळहळले. मग म्हणाले, “बरं, सेल्फ मार.”

मी सेल्फ मारला. इंजिन कण्हल्यासारखं अर्धं फिरलं आणि डॅशबोर्डमधून धुराची रेघ निघाली. धूर चोकच्या केबलमधून येत होता. चोकच्या! त्या केबलचा विजेशी काडीचा संबंध नाही. एक तार नुसती कार्बुरेटरपर्यंत जाते. बॅटरीचा स्विच बंद करून मी घाईनं वायरिंगचा नकाशा उघडला. नकाशात चोक नव्हताच.

“इंजिनाची अर्थपट्टी बघ,” मिस्त्रीकाका म्हणाले. “इंजिन बसलंय रबरावर. सेल्फनं ओढलेला करंट बॉडीत परत जाणार कुठून? पट्टी नसली तर चोकची केबल सापडते त्याला.”

टॉर्च घेऊन गाडीखाली शिरलो. गिअरबॉक्सजवळ पट्टीची जागा होती, बोल्ट होता, वॉशरसुद्धा होता. पट्टी तेवढी नव्हती. शेजारचे निवृत्त साहेब एवढ्यात चहाचा मग घेऊन आले, माझ्या बाहेर राहिलेल्या पायांकडं पाहून “सुंदर गाडी” म्हणाले आणि गेले. ते नेहमी एवढंच म्हणतात.

नवी पट्टी आणि केबल बसवून पुढच्या शनिवारी पुन्हा फोन लावला. आता इंजिन झोकात फिरत होतं, पण पेटत नव्हतं. की फिरवली की मागच्या चाकाजवळचा विजेवरचा पेट्रोल पंप टकटकायला हवा, तो गप्प होता. “पॉइंट चिकटले असतील. पान्यानं हळूच ठोक,” काका म्हणाले. मी हळूच ठोकलं. “एवढं हळू नाही रे!” जरा जोरात ठोकलं. टक, टक, टक. कार्बुरेटर भरले तसा टकटकाट मंदावला. चोक ओढला, सेल्फ मारला, आणि एमजीबीनं असा आवाज काढला की बायको हातातलं टाकून गॅरेजच्या दारात आली.

“टॅपेट वाजताहेत,” काका साताऱ्याहून म्हणाले. “ते पुढं बघू. चालू झाली, आता थांबते का बघ.”

मी ब्रेक दाबला. पेडल थेट फरशीला टेकलं आणि मागच्या चाकातून तेलाचा ओघळ निघाला. मी फोन खाली धरून तो दाखवला.

साताऱ्यात जेवायची वेळ झाली होती. काकांनी आत तोंड वळवून हाक दिली, “अगं, ताट झाकून ठेव. पोराचा ब्रेक गेलाय!”