ड्रिलराव

तंजावरचं मराठी राज्य 1855 साली खालसा झालं, पण तिथल्या मराठी घरांतून ‘राव’ काही गेला नाही. कुंभकोणमजवळच्या पट्टीश्वरम् गावात तो निवृत्तीनंतर वाडवडिलांच्या घरी परततो, पेन्शन लागते आणि हातात ड्रिल येतं. तिथून पुढे त्याचा ड्रिलराव होतो.

ड्रिलरावांकडे पेटीतलं सगळं असतं. लाकडाची, विटेची, लोखंडाची पातीही असतात, फक्त कुठलं कशाचं हा तपशील पेटीच्या झाकणाबरोबर हरवलेला असतो. बाजूला धरायची मूठ ‘मध्ये येते’ म्हणून पेटीतच झोपते. पण खरा जीव ‘होल सॉ’वर. दातेरी कडेची ती वाटी पाहिली की घरातली दारं दचकतात.

गोल कुलपाला दाराच्या फळीत 54 मिलिमीटरचं भोक लागतं. रीत सोपी आहे. खूण करायची, मधल्या बारीक पात्यानं आधी वाट धरायची, वेग कमी ठेवायचा, मधूनमधून भुसा काढायचा आणि पात्याचं टोक पलीकडे दिसलं की उरलेलं त्या बाजूनं कापायचं, म्हणजे लाकडाची साल निघत नाही. ड्रिलरावांना ही रीत पाठ आहे. ते ती दुसऱ्यांना सांगतात.

स्वतः मात्र खूण नजरेनं करतात आणि खटका पूर्ण दाबतात. वाटी तिरकी टेकली की एकाच बाजूचे दात धरतात, ड्रिल थांबतं आणि मनगट फिरतं. मग आजोबांच्या सागवानी दारातून धूर निघू लागतो. आतून हाक येते, “अहो, होम आहे का आज?” ओसरीवरचा आसारी, म्हणजे गावचा सुतार, शांतपणे सांगतो, “रिव्हर्सल इरुक्कु, सार.” ड्रिल उलटं फिरतंय! ते सुलट होतं, तर हॅमरचा खटका चालू राहिलेला. विटेला ठोकायची ती सोय. सागवानाला ती शिक्षा. आसारी पुन्हा म्हणतो, “मेदुवा, सार, मेदुवा.” हळू जाणं मात्र रावांच्या रक्तात नाही, पूर्वज घोड्यावरून आले होते.

भोक पडतं. अर्थात जरा डावीकडे. पण ड्रिलराव हरत नाहीत. धेनुपुरीश्वराच्या देवळाकडे बोट दाखवतात. शैव संत ज्ञानसंबंदर उन्हातून येत होते, तेव्हा शिवानं त्यांच्यासाठी मोत्यांचा मांडव पाठवला आणि ते येताना दिसावेत म्हणून नंदीला बाजूला सरकायला सांगितलं, अशी कथा आहे. आजही तिथले नंदी रेषेतून सरकलेलेच. “देवाला चालतं, तुमच्या कुलपाला का चालत नाही?” यावर आसारीपाशी उत्तर नसतं, फक्त पॅचची फळी असते.

वाटीत अडकलेली लाकडाची चकती खिळ्यानं उचकून काढण्यात उरलेली सकाळ जाते. त्या चकत्या ड्रिलराव शेजाऱ्यांना डिग्री कॉफीच्या पेल्याखाली ठेवायला भेट देतात. प्रत्येकीच्या बरोबर मध्यावर एक बारीक भोक असतं. त्यांच्या हातून मध्यावर पडलेलं तेवढंच.

तुमच्याकडे कुलूप बसवायचं असेल, तर त्यांना जरूर बोलवा. नाही बोलावलंत तर रुसतात. फक्त खूण तुम्ही करा, उलट-सुलटचा आणि हॅमरचा असे दोन्ही खटके तपासा, चष्मा लावायला लावा आणि आसारीला त्याच वेळी कॉफीला बोलवा.