मावशी, मस्तानी आणि डिकीतली खोकी

ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्या लिहिणारी मावशी जरूर असावी, पण तिला गाडी चालवता येत असावी. माझ्या मावशीला येत नाही. त्यामुळे बाजीराव-मस्तानीवरच्या तिच्या कादंबरीचा प्रचारदौरा ठरला, तेव्हा सारथी, हमाल आणि सहीच्या वेळी पुस्तक उघडून धरणारा इसम या तिन्ही पदांवर माझी बिनविरोध निवड झाली. डिकीत खोकी, मागच्या सीटवर खोकी, आणि पुढे मावशी, मांडीवर नऊवारीची पिशवी घेऊन. नऊवारी ही प्रकाशकांची सूचना. "समाधीपाशी एक रील कराच, ताई. खप वाढतो."

खरं तर मावशीचा जन्म रीलसाठी झालेलाच नाही. तो रुमालांसाठी झालाय. पुण्याच्या पेशवे दफ्तरात सुमारे ४ कोटी कागद फडक्यांत बांधून ठेवलेत. त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. ते सोडता यावेत म्हणून मावशी निवृत्तीनंतर मोडी शिकली. मोडीत दोन शब्दांत जागा सोडत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाची पर्वा करत नाहीत. शाळेत मी असंच लिहायचो, तेव्हा मात्र मार खाल्ला. एकदा बरेच दिवस झुंजून तिने एक कागद लावला, तर तो निघाला बैलांच्या वैरणीचा हिशेब. "पण तारीख बघ रे! मस्तानी तेव्हा पुण्यातच होती!" म्हणजे इकडे बैल कडबा खात होते, तिकडे मस्तानी पुण्यात होती. एवढ्या भांडवलावर मावशीने अख्खं विरहाचं प्रकरण उभं केलं.

पेशवाईने कागद जपले ते चाऱ्याचे, कर्जाचे, सरंजामाचे. रियासतकार सरदेसायांनी त्यांतून निवडून ४५ खंड छापले. मावशीने ते चाळले आणि हवी ती चिठ्ठी न मिळाल्यामुळे स्वतःच लिहिली. मात्र स्वयंपाकघरात ती अशी मोकळी सुटत नाही. काशीबाईंच्या उपासाला साबुदाणा नाही, कारण तो आपल्याकडे फार नंतरचा. बटाटाही नाही. चहाचं तर नावच नको. मिरची चालते, पोर्तुगीजांच्या कृपेने. तरी एका वाचकाने फोन करून विचारलं, "काशीबाई वऱ्याचे तांदूळ एवढे का खातात हो?"

पहिला मुक्काम पाबळ. हे गाव मस्तानीच्या इनामातलं, आणि तिची कबरही इथेच. कुणी तिला समाधी म्हणतं, कुणी मजार. बाजीरावामागोमाग १७४० सालीच ती गेली. कशाने, यावर आजही वाद घालता येतो आणि मावशी तो घालते. कार्यक्रमात पहिला हात वर झाला. "मस्तानी पान खायची तेव्हा पिंक गळ्यातून खाली उतरताना दिसायची, तो प्रसंग आहे ना पुस्तकात?"

नव्हता. अस्सल कागदात पुरावा नाही म्हणून मावशीने तो घेतला नव्हता. सभेचा चेहरा लग्नात जिलबी संपल्यासारखा झाला. दुसऱ्याने विचारलं, "इनामदारांची 'राऊ' वाचलीय. मग तुमची वाचायलाच हवी का?" तिसऱ्याने २०१५ सालचा सिनेमा पाहिला होता आणि काशीबाई-मस्तानी एकत्र पिंगा कोणत्या पानावर घालतात एवढंच त्याला हवं होतं. मानधन म्हणून शाल, नारळ आणि आंब्याचं रोप मिळालं. ते रोप पुढे मध्य प्रदेशापर्यंत माझ्या गिअरला खेटून आलं.

१७३७ साली बाजीरावाने दिल्लीवर झडप घातली तेव्हा दहा दिवसांची मजल दोन दिवसांत मारली, असं सांगतात. हे मावशीने मला सेंधव्याच्या अलीकडे बिजासनच्या घाटात सांगितलं, पुढे कांद्याचा ट्रक आणि मागे सिमेंटचा टँकर असताना. "त्याच्याकडे घोडा होता," मी म्हटलं. "खोकी नव्हती," मावशी म्हणाली. हे मात्र तिने फार मनापासून मान्य केलं.

इंदूरची मराठी मंडळी पाहुणचाराला पक्की. होळकरांपासूनची सवय आहे. पोहे, जिलबी, मग प्रकट मुलाखत. मुलाखत घेणाऱ्या गृहस्थांनी पुस्तक वाचलं नव्हतं, पण मलपृष्ठ तोंडपाठ केलं होतं. पंधराव्या मिनिटाला त्यांनी डोळे मिटून विचारलं, "आणि ते पान..."

मावशीचा तोल गेला. "पान खाताना गळ्याबाहेरून लाल दिसत असेल, तर ते सौंदर्य नव्हे. ताबडतोब वैद्याकडे न्यायचं लक्षण आहे!" टाळ्या प्रचंड पडल्या. त्या संध्याकाळी पुस्तकं मात्र जेमतेम खपली, आणि खोकी मीच परत उतरवली.

दुसऱ्या दिवशी रावेरखेडी. बडवाह ओलांडून, नर्मदेवरचा पूल पार करून, सनावदपाशी वळायचं. २८ एप्रिल १७४० रोजी, चाळिशीही गाठली नसताना, बाजीराव इथे छावणीत तापाने गेला. निमाडातल्या एप्रिलचं ऊन टाळक्यावर घेतलं की माणूस ताप या विषयावर अधिकाराने लिहू शकतो. नदीकाठी समाधी, भोवती दगडी आवार. मावशी नऊवारी नेसली. रील सुरू होताच एक शेळी आली आणि तिने पुस्तकाची कड चाखून पाहिली. प्रकाशकांना तोच तुकडा सर्वांत आवडला.

तेवढ्यात एक वृद्ध गृहस्थ पुढे आले आणि मावशीला समाधीची कथा सांगू लागले. शेवटच्या रात्री बाजीरावाने तंबूचा दक्षिणेकडचा पडदा वर बांधायला लावला, का, तर पुण्याच्या दिशेचा वारा यावा. पिढ्यान् पिढ्या गावात सांगतात म्हणे.

मावशीने वही काढली. मी तिला बाजूला घेतलं. "मावशी, अगं, हा पडदा तुझा आहे. शेवटून दुसरं प्रकरण. प्रुफं मीच तपासली होती!"

"हळू बोल," मावशी म्हणाली आणि लिहीत राहिली. मग तिने त्या गृहस्थांचं नाव, वय आणि कथा सांगितल्याची तारीख नीट विचारून घेतली. "दुसऱ्या आवृत्तीत इथे तळटीप देता येईल. पहिलीत समीक्षकांनी विचारलं होतं, याला आधार काय म्हणून."