तीन दिवसांचे औदार्य

न्यायाधीशाच्या हुकमावर विश्वास ठेवून वागणे घातक ठरते, असे आम्ही आजवर केवळ बंडखोर पक्षांच्या पत्रकांतून वाचीत आलो होतो. परंतु अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १४ जून २००७ रोजी ‘बाउल्स विरुद्ध रसेल’ या प्रकरणात तेच तत्त्व पाच विरुद्ध चार मतांनी शिरोधार्य मानले असल्यामुळे, त्याविषयी शंका घेण्याचे धाडस आमच्यासारख्या कायदाभीरू माणसाने यापुढे करू नये हेच उचित.

हकीगत अशी. ओहायो राज्यात खुनाबद्दल दोषी ठरलेल्या एका बंदिवानाने आपला कारावास बेकायदेशीर असल्याची फिर्याद तुरुंगाधिकाऱ्यावर संघीय न्यायालयात गुदरली. (हा गृहस्थ पुण्यवान होता असा आमचा दावा नाही, होता की नव्हता, या प्रश्नापर्यंत वरची न्यायासने पोचलीच नाहीत.) २००३ साली फिर्याद फेटाळली गेली, आणि त्या निकालाची खबर वेळेवर न पोचल्याने अपिलाची तीस दिवसांची मुदतही टळली. अशा हतभाग्यांसाठी कायद्याने एक सोय ठेवली आहे: न्यायाधीशाने मुदत पुन्हा खुली करावी, मात्र चौदा दिवसांपुरतीच. १० फेब्रुवारी २००४ रोजी न्यायाधीशांनी ती खुली केली, आणि कोणत्या पंचांगाच्या आधारे ते देव जाणे, चौदांऐवजी सतरा दिवस देऊन हुकमात २७ तारीख नमूद केली. बंदिवानाची नोटीस २६ तारखेस दाखल झाली. अमुक निकालाविरुद्ध वर जाऊ इच्छितो, एवढाच मजकूर असणारा तो कागद. तो लिहावयास तीन दिवस काय, तीन मिनिटेही पुरेशी होती.

परंतु कायद्याचे चौदा दिवस २४ तारखेलाच सरले होते, हे तुरुंगाधिकाऱ्याच्या पक्षाने बोटे मोजून दाखविले, आणि सहाव्या मंडलाच्या अपील न्यायालयाने आपणास अधिकारच नाही म्हणून अपील खारीज केले. बहुमताच्या वतीने न्यायमूर्ती क्लॅरेन्स टॉमस यांनी त्यावर शिक्कामोर्तब केले: मुदत काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, घालून दिलेली, ती वाढविण्याचा अखत्यार न्यायाधीशास नाही. म्हणजे बंदिवानाने, निदान त्याच्या वकिलाने, न्यायाधीशांची बेरीज तपासून, त्यांच्या हुकमाचा योग्य तो अनादर करून, नमूद तारखेच्या तीन दिवस आधीच धाव घ्यावयास हवी होती. न्यायाधीशमहाशयांच्या वेतनातून मात्र ते तीन दिवस कापले गेल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

याच न्यायालयाने १९६२ साली एका ट्रक कंपनीवर अशाच प्रसंगी कृपादृष्टी केली होती. कंपनीचे मुख्य कायदे सल्लागार मेक्सिकोत सुटीवर गेलेले, त्यांचा सल्ला घेता येईना, म्हणून खालच्या न्यायालयाने मुदत वाढवून दिली. ती वाढ नियमात बसो वा न बसो, तिच्यावर विसंबलेल्या पक्षकारास वाऱ्यावर सोडू नये, असे तेव्हा ठरले. ‘असाधारण परिस्थिती’ या नावाने हे तत्त्व पंचेचाळीस वर्षे कायदेग्रंथांत नांदले, आणि सुटीचा प्रश्नच न उद्भवणाऱ्या एका कैद्याने त्याचा आधार मागताच बहुमताने ते मुळातच अवैध असल्याचे जाहीर करून रद्दबातल केले.

न्यायमूर्ती डेव्हिड सूटर यांनी, आणखी तीन न्यायमूर्तींना सोबत घेऊन, माणसांना असे वागविणे असह्य आहे असा तीव्र मतभेद नोंदविला. त्याने कैद्याची नोटीस एका तासानेही अलीकडे सरकली नाही. बहुमतही अगदीच निष्ठुर होते असे नव्हे. हे नियम कोणास अन्यायाचे वाटत असतील तर काँग्रेसने कायदा करून न्यायालयांना सवलत देण्याचा अधिकार द्यावा, असा मार्ग त्यांनी आपल्या निकालपत्रात दाखवून ठेवला आहे. किमान पंधरा वर्षे आणि कमाल आजन्म अशी शिक्षा भोगणाऱ्या माणसास वाट पाहण्यासाठी वेळ मुबलक. आणि काँग्रेसने हे काम किती दिवसांत उरकावे, याची मुदत त्या निकालपत्रात कोठेच घातलेली नाही.